नरावर प्रयोग, नारीला औषध

नैराश्याचा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, हे वैद्यकाला मान्य आहे. मग या विकाराचा आणि त्यासोबत येणाऱ्या स्मृतिदोषाचा अभ्यास ज्या उंदरांवर झाला, ते बव्हंशी नर का असावेत? वाङ्मयीन पत्रिकेत उंदीर कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या लेकीसुनांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची पाळेमुळे त्याच पिंजऱ्यांत आहेत.

बीरी व झुकर यांनी २०११ साली दाखवून दिले की, मज्जाविज्ञानात केवळ नरांवरील अभ्यास केवळ माद्यांवरील अभ्यासांच्या साडेपाच पट होते. समर्थन ठरलेले: मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, संप्रेरके बदलती, म्हणून निष्कर्ष डळमळीत. ही शास्त्राच्या वेषातील सबब होय. २०१४ साली सुमारे तीनशे निबंधांतील आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा माद्यांच्या मोजमापांतील चढउतार नरांहून अधिक आढळले नाहीत.

बरे, दोघांतील फरक नगण्य असता तर आम्ही गप्प बसलो असतो. १९९८ साली वुड व शॉर्स यांनी उंदरांना एक साधा धडा दिला: आवाज झाला की पापणीला सौम्य धक्का बसणार, तेव्हा आवाज ऐकताच पापणी मिटावी. आधी तीव्र ताण दिलेले नर हा धडा अधिक चांगला शिकले. तोच ताण सोसलेल्या माद्या मागे पडल्या. अंडाशय काढलेल्या माद्यांत ही पीछेहाट दिसली नाही.

याहून बोलके उदाहरण 'शिकलेल्या असहायते'चे. सुटका नसलेले धक्के सोसलेला प्राणी पुढे सुटका शक्य असूनही धडपड सोडतो, हे १९६७ साली कुत्र्यांवर दिसले आणि तेच नैराश्याचे प्रतिरूप मानले गेले. २००८ साली शॉर्स यांच्या गटाला मादी उंदरांत ही असहायता नरांसारखी दिसलीच नाही. म्हणजे माद्या नैराश्यमुक्त? माणसांतील आकडे तर नेमके उलट सांगतात! दोष मादीचा नव्हे. नरावर बेतलेल्या मोजपट्टीचा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ पासून अनुदानासाठी लिंगभेदाचा विचार आवश्यक केला, तेव्हा खर्च वाढेल अशी ओरड झाली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी तेथे १९९२ साली संमत झाली. स्त्रियांच्या रक्तात ती सकाळपर्यंत अधिक उरते म्हणून त्यांची मात्रा निम्मी करण्यास २०१३ साल उजाडले. त्या वीस वर्षांचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा? आणि पिंजऱ्यात चार माद्या सोडून सरासरी काढणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. नर व मादी यांचे आकडे वेगवेगळे छापावेत, आणि कसोट्याही माद्यांवर नव्याने पारखून घ्याव्यात.