एकाच महिन्यात आलेले दोन रेसिंग गेम: एक बंद पडला, एक अजून धावतोय

डिसेंबर २०१४ मध्ये दोन रेसिंग गेम आले. एक होता युबिसॉफ्टसारख्या बड्या कंपनीचा ‘द क्रू’. दुसरा होता कुनोस सिम्युलाझिओनी या इटलीतल्या छोट्या स्टुडिओचा ‘असेटो कोर्सा’. आज पहिला गेम पैसे देऊन घेतलेल्यांनाही अधिकृतपणे सुरू करता येत नाही. दुसरा मात्र लोक रोज खेळतायत, त्यात नवनवे ट्रॅक टाकतायत.

रेसिंग गेमची तुलना करताना आपण सहसा तीन गोष्टी बघतो: ग्राफिक्स कसे आहेत, गाडी वळवताना कसं वाटतं आणि गाड्या किती आहेत. यूट्यूबवरचे रिव्ह्यूही याच तीन मुद्द्यांभोवती फिरतात. पण गेल्या काही वर्षांत घडलेल्या गोष्टी बघता या यादीत चौथा मुद्दा टाकायलाच हवा: कंपनीने हात काढून घेतला तर गेम चालणार का?

‘द क्रू’चं नेमकं काय झालं?

‘द क्रू’ची मोठी ताकद म्हणजे त्याचा नकाशा. अख्खी अमेरिका, अर्थात लहान करून, एकाच नकाशात बसवलेली. न्यूयॉर्कहून निघायचं आणि मध्ये कुठेही लोडिंग स्क्रीन न येता लॉस एंजेलिस गाठायचं. या प्रवासाला साधारण पाऊण तास लागायचा. गेमची कथा फिकी होती आणि गाडीच्या हँडलिंगवर सुरुवातीपासून टीका झाली, पण असा लांबचा प्रवास दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सहज मिळत नव्हता.

त्याची कमजोरी डोळ्यांना दिसणारी नव्हती. एकट्याने खेळतानाही इंटरनेट आणि युबिसॉफ्टचा सर्व्हर लागायचा. १४ डिसेंबर २०२३ ला गेमची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. त्यानंतर डिस्क कपाटात असली तरी तिचा उपयोग शून्य.

असं का होतं ते थोडक्यात समजून घेऊ. ऑफलाइन गेममध्ये तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह फाइल, तुमच्याच मशिनवर असते. ‘कायम ऑनलाइन’ गेममध्ये तुमच्याकडे असतो फक्त अर्धा गेम: चित्रं, आवाज, रस्ते, गाडीचं फिजिक्स. तुमच्याकडे कुठली गाडी आहे, पैसे किती आहेत, कुठली रेस जिंकली, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. गेम उघडला की तो आधी सर्व्हरला विचारतो, “हा कोण? याला आत घेऊ का?” तिकडून उत्तरच आलं नाही की गेम दारातच थांबतो.

असेटो कोर्सा का टिकला?

तुलना प्रामाणिक करायची तर असेटो कोर्साच्या उणिवाही मोजायला हव्यात. त्याचे मेन्यू रटाळ आहेत, करिअर मोड कंटाळवाणा आहे. मूळ गेममध्ये पाऊस नाही, रात्र नाही. स्टीअरिंग व्हील नसेल तर अर्धी मजा जाते. नवखा माणूस पहिल्याच वळणावर गाडी गवतात घालतो.

पण गाडीचं वजन, टायरची पकड, ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणारी गाडी, यात तो आजही भल्याभल्यांना टक्कर देतो. मोंझा, सिल्व्हरस्टोनसारखे ट्रॅक लेझर स्कॅन करून बनवलेत, त्यामुळे रस्त्यावरचे बारीक उंचवटेसुद्धा जाणवतात. आणि मुख्य म्हणजे तो इंटरनेटशिवाय चालतो. शर्यतीचा सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअरही गेमसोबत मिळतं, म्हणजे चार मित्र स्वतःचा सर्व्हर उभा करू शकतात. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली भर, टाकायला पीसीवर पूर्ण मोकळीक आहे. जो पाऊस आणि जी रात्र मूळ गेममध्ये नव्हती, ती मॉड बनवणाऱ्यांनीच आणली. टोकियोचा शुतो एक्सप्रेसवेसुद्धा लोकांनी त्यात आणून ठेवलाय.

म्हणजे एका गेमची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवली, दुसऱ्याची बरीचशी खेळाडूंच्या हातात दिली. दहा वर्षांनी त्याचा परिणाम समोर आहे.

बाकीचे गेम या कसोटीवर कुठे बसतात?

*ग्रॅन टुरिस्मो ७ (मार्च २०२२):* प्लेस्टेशनवर गाड्यांचं इतकं प्रेमाने केलेलं काम क्वचितच दिसतं. हँडलिंग नवख्यालाही जमतं आणि मुरलेल्यालाही आवडतं. पण जवळपास सगळा मुख्य गेम ऑनलाइन लागतो. रिलीजनंतर दोनच आठवड्यांत एका अपडेटमध्ये गडबड झाली आणि ३० तासांहून जास्त वेळ लोकांना एकट्याने खेळायचा भागही उघडता आला नाही. गेमचे प्रमुख काझुनोरी यामाउची यांना माफी मागावी लागली. सेव्ह फाइलमध्ये फेरफार करून कुणी फसवणूक करू नये म्हणून ऑनलाइन सक्ती ठेवली, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. कारण समजण्यासारखं आहे, पण त्याची किंमत सरळ खेळणाऱ्यानेही मोजली.

याच मालिकेतली दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, म्हणजे ‘द क्रू’च्या दोनच महिने आधी. पण त्याआधी अपडेट देऊन गेमचा बराचसा भाग ऑफलाइन खेळता येईल अशी सोय केली गेली. थोडक्यात, गेम मारून टाकणं हा एकच पर्याय नसतो.

*फोर्झा होरायझन ४ (२०१८):* ब्रिटनचे रस्ते, बदलणारे ऋतू आणि कुणालाही जमेल असं ड्रायव्हिंग. इथे अडचण सर्व्हरची नाही, लायसन्सची आहे. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या आणि गाणी वापरण्याचे करार ठरावीक वर्षांचे असतात. ते संपत आल्यावर १५ डिसेंबर २०२४ पासून हा गेम दुकानातून काढला गेला. ज्यांनी आधी घेतलाय ते अजून खेळू शकतात, पण नवीन डिजिटल कॉपी विकत मिळत नाही. ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतले ‘कार्बन’, ‘अंडरकव्हर’सारखे जुने गेमही २०२१ मध्ये असेच विक्रीतून गेले.

*मोबाइलवर:* आपल्यापैकी बहुतेकांचा खरा रेसिंग गेम फोनवरच असतो. ‘अ‍ॅस्फाल्ट ९’ (२०२४ मध्ये त्याचं नाव ‘अ‍ॅस्फाल्ट लेजेंड्स युनाइट’ झालं) दिसायला जबरदस्त आहे, आणि टचड्राइव्हमुळे बसमध्ये उभ्याने, एका हातानेही खेळता येतो. पण तो इंटरनेट मागतो, स्टोरेज खातो, आणि आवडती गाडी मिळवायला ब्लूप्रिंट गोळा करत बसावं लागतं. याउलट फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा ‘हिल क्लाइंब रेसिंग’ २०१२ चा. ग्राफिक्स साधे, जाहिराती त्रासदायक, खऱ्या गाड्या नाहीत. पण नेटवर्क नसलेल्या घाटात, साध्यातल्या साध्या फोनवर तो चालतो. खऱ्या गाड्या नसल्यामुळे कुठल्या कार कंपनीचा करार संपायची भीतीही नाही.

लढाई कुठे पोहोचली?

‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालू ठेवा असं नाही, पण बंद करताना गेम खेळण्याजोगा सोडून जा. युरोपीय संघाकडे नेलेल्या त्यांच्या मागणीपत्राने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

गेम कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक गेमला नंतर ऑफलाइन करायचं तर खर्च प्रचंड वाढेल, आणि खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या सुरक्षेची जबाबदारी कोण घेणार, असा त्यांचा सवाल. यात तथ्य नाही असं नाही. गेम पूर्णपणे सर्व्हरभोवती बांधला असेल तर दहा वर्षांनी तो सोडवून काढणं खरंच अवघड असतं. पण शेवट कसा करायचा हे पहिल्या दिवशीच डिझाइनमध्ये धरलं तर काम बरंच सोपं होतं. त्यामुळे “जमत नाही” यापेक्षा “आधी विचार केला नाही” हे बऱ्याचदा जास्त खरं असतं.

याचा पुरावा ‘द क्रू’नेच दिला. चाहत्यांनी मूळ सर्व्हरची नक्कल करणारा ‘द क्रू अनलिमिटेड’ हा प्रकल्प २०२५ मध्ये आणला आणि पीसीवर गेम पुन्हा सुरू झाला. युबिसॉफ्टनेही ‘द क्रू २’ला त्याच वर्षी ऑफलाइन खेळायची सोय दिली. दबाव आल्यावर जमलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना, तुम्ही मालक होत नसून फक्त वापरण्याचं लायसन्स घेताय, हे दुकानाला स्पष्ट सांगावं लागतं. गेम त्याने वाचत नाही, पण निदान अंधारात तरी कुणी राहत नाही.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा

१. फोनवरचा गेम असेल तर एअरप्लेन मोड लावून उघडा. मेन्यूपर्यंतही पोहोचला नाही, तर त्यातली प्रत्येक गाडी भाड्याची समजा.

२. पीसी किंवा कन्सोलचा गेम असेल तर दुकानाच्या पानावर खाली बारीक अक्षरात इंटरनेटची अट आहे का ते वाचा. “एकट्याने खेळायलाही” ऑनलाइन लागतं का, हाच खरा प्रश्न.

३. जुना गेम अचानक खूप स्वस्त झाला तर आधी बातमी शोधा. फोर्झासारखा विक्रीतून जाणारा गेम असेल तर ती घ्यायची शेवटची संधी असू शकते. सर्व्हरच बंद होणार असेल तर फुकटातही महाग.

याचा अर्थ ऑनलाइन गेम खेळूच नका असा नाही. मित्रांसोबत अ‍ॅस्फाल्टची रेस लावण्यात जी मजा आहे, ती एकट्याने डोंगर चढण्यात नाही. फक्त फुकटात मजा घेणं आणि यूपीआयने हजार रुपयांची गाडी घेणं, यात फरक करा. हजार रुपये खर्चच करायचे असतील, तर सर्व्हर बंद झाल्यावरही जी गाडी तुमच्या गॅरेजमध्ये राहील, तिच्यावर करा.