विजेची रवी

मुलांनो, मिल्कशेक तुम्हां सर्वांनाच आवडतो. केळ्याचा, आंब्याचा, चिकूचा, खजुराचा. उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. आता पुष्कळ घरांत तो घरीच केला जातो. काही घरांच्या ओट्यावर खास शेक घुसळण्याचे यंत्रही दिसते. ही चांगली गोष्ट आहे. पण घरचा हा शेक करतो कोण आणि पितो कोण, याविषयी मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्या नेहमीच्या मिक्सरची मोटार खाली असते आणि भांड्याच्या तळाशी धारदार पाती असतात. शेकच्या यंत्राची मोटार वर असते. तिच्यातून एक लांब दांडी खाली येते. दांडीच्या टोकाला नाण्याएवढी नागमोडी चकती असते, पण तिला धार नसते. खाली स्टीलचा उंच पेला लावून बटण दाबले, की दांडी दुधात गरगर फिरू लागते. तुमच्या दादीकडे किंवा नानीकडे ताक घुसळायची लाकडी रवी तुम्ही पाहिली असेल. उर्दूत आपण तिला मथनी म्हणतो. हे यंत्र म्हणजे विजेवर चालणारी रवीच होय. मिक्सर मात्र पाट्या-वरवंट्याच्या घराण्यातला. रवी घुसळते, पाटा वाटतो. एवढा फरक लक्षात ठेवला तर शेक बिघडत नाही.

गंमत अशी, की ही दोन्ही यंत्रे एकाच गावाशी जोडलेली आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात रसीन नावाचे गाव आहे. तेथे हॉर्लिक बंधूंचा दुधात मिसळण्याच्या पुडीचा कारखाना होता. तीच पूड आपल्याकडेही ‘हॉर्लिक्स’ नावाने घरोघरी पोहोचली. ‘हॅमिल्टन बीच’ ही कंपनी १९१० साली रसीनमध्येच निघाली आणि तिचे दूध घुसळण्याचे यंत्र पुढे अमेरिकेतील दुकानादुकानांत दिसू लागले. त्याच गावच्या स्टीफन पोप्लॉस्की यांनी १९२२ साली पेल्याच्या तळाशी फिरणारी पाती बसवली. आपला मिक्सर त्याच कल्पनेवर चालतो.

घुसळल्याने दुधात हवा शिरते. दुधातील प्रथिनांचा पातळ पापुद्रा हवेच्या बुडबुड्यांभोवती तयार होतो आणि फेस टिकतो. म्हणून यंत्रातला शेक हलका लागतो. दूध चांगले गार हवे. बर्फाची गरज नाही; बर्फ वितळला की शेक पाणचट होतो. दोन पेल्यांसाठी साधारण ३०० मिलिलिटर दूध आणि एक मोठे पिकलेले केळे पुरते. या यंत्राला धार नाही, हे विसरू नका. केळे आधी काट्याने पूर्ण कुस्करून घ्यावे, नाहीतर त्याचे तुकडे तळाशी तसेच राहतात. खजूर असेल तर चार-पाच बिया काढून अर्धा तास कोमट दुधात भिजत घालावेत, मग कुस्करून गाळून घ्यावेत आणि ते दूध गार करावे. शीरखुर्मा आपण सगळेच खातो. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे तुम्हांला ठाऊकच आहे. खजुराचा शेक हा त्याचाच थंड भाऊ म्हणायचा! संत्रे, लिंबू यांसारखी आंबट फळे मात्र दुधात घालू नयेत, दूध फाटते. पेला अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त भरावा, कारण फेस वर चढतो. ओल्या हाताने बटण लावू नये आणि दांडी फिरत असताना पेल्यात चमचा घालू नये.

एकदा वर्गात मी विचारले, “तुमच्या घरी शेक कोण करते?” मुलांमधून एकच उत्तर आले, “अम्मी” किंवा “बाजी”. एकाने तर सांगितले, “आमच्याकडे मशीन करते.” सगळे हसले. पण हे उत्तर मला विचार करायला लावणारे वाटले.

यंत्र किती काम करते? फार तर एक मिनिट. त्याआधी दूध आणणे, तापवणे, गार होऊ देणे, फळे सोलणे, खजुराच्या बिया काढणे, पेले मांडणे. नंतर सगळी भांडी धुणे, ओटा पुसणे. हे सारे अर्ध्या-पाऊण तासाचे काम यंत्र करत नाही, ते घरातली बाई करते. उलट, यंत्र घरात आल्यापासून “आता तर काहीच त्रास नाही” असे म्हणून आपण रोज शेक मागू लागतो. म्हणजे यंत्राने काम कमी केले की वाढवले?

रमजानमध्ये हे अधिक जाणवते. अम्मीचा रोजा असतो, बाजीचाही असतो. दिवसभर पाण्याचा थेंब घेतलेला नसताना त्या दोघी असरनंतर ओट्याशी उभ्या राहतात. आणि ज्याचा रोजा आहे तो भाऊ, किंवा ज्याचा नाही तो धाकटा भाऊसुद्धा, दस्तरखानावर बसून मगरिबची अजान होण्याची वाट पाहतो. मला हे बरे वाटत नाही. भजी तळणे मोठ्यांनाच जमेल, हे मान्य. पण शेक करायला विस्तव लागत नाही आणि सुरीही फारशी लागत नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला तो सहज येईल. मग इफ्तारचा शेक घरातल्या मुलग्यांनी का करू नये? “हे मुलींचे काम आहे” असे कोणी म्हणेल. बाजारात ज्यूसच्या दुकानात दिवसभर शेक करणारे कोण असतात ते पाहून या, मग बोलू.

बाजाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. बाहेरचा शेक कधीतरी प्यायला माझी हरकत नाही. पण त्यात साखर किती, बर्फ कुठला, हे दिसत नाही. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यात निळा रंग मिसळण्याचा आदेश काढला होता. यावरून काय ते समजा. साखरेचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे सुमारे सहा चमचे. घरी पिकलेल्या केळ्यात किंवा खजुरात साखर घालावीच लागत नाही.

शेकसाठी मुद्दाम नवे यंत्र घ्यावे, असा हट्ट मात्र धरू नका. मिक्सरमध्येही शेक होतो, फक्त त्याच्या झाकणाच्या रबराला लसूण-मिरचीचा वास राहतो, म्हणून शेकचे भांडे वेगळे ठेवावे. तेही नसेल तर कुस्करलेले केळे आणि गार दूध उंच पातेल्यात घेऊन रवीने घुसळावे. हात थोडा दुखेल, एवढेच. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने शेक ओतून झाला की लगेच पेल्यात कोमट पाणी घालून ते अर्धा मिनिट फिरवावे, म्हणजे दांडीला दूध वाळून चिकटत नाही. मग बटण बंद करून, प्लग काढून, चकतीच्या खालची बाजू बोटाने पुसून पाहावी.