दिल्लीच्या उन्हात प्रोसेसरची निवड

दिल्लीत ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती खिडकीत बसविलेली, तिन्ही अंगांना गवताच्या ताट्या लावलेली आणि रात्रभर पाणी खळखळविणारी पत्र्याची अवजड पेटी. आणि म्हणून माझ्या भाच्याने नव्या संगणकाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी मजसमोर ठेवले व त्यात ‘कूलर’ या बाबीखाली बारा हजार रुपये दाखविले, तेव्हा लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरात एक कूलर असताना दुसऱ्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा मी केली, यात माझा अपराध फारसा नव्हता.

दिवसा प्रोग्रॅमिंग आणि रात्री गेम अशी दुहेरी चाकरी या यंत्राने बजावावी, असा त्याचा बेत होता. त्यासाठी त्याने इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर आणि त्यावर ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर निवडला होता. त्याची कैफियत ऐकून आणि नेहरू प्लेसच्या बाजारात त्याच्यासमवेत दोन दुपारी घालवून माझे जे मत बनले ते असे, की प्रोसेसर घेताना लोक सर्व आकड्यांची छाननी करतात, पण तो ज्या खोलीत चालावयाचा तिची दखल कोणी घेत नाही.

आमच्या वसाहतीपासून जवळच सफदरजंगची वेधशाळा आहे. तेथे २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले, आणि १९४४ सालच्या त्याच तारखेचा ४७.२ अंशांचा उच्चांक थोडक्यात बचावला. आता संगणकाचा कूलर, मग तो हवेवरचा असो वा पाण्यावरचा, प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेच्या हवाली करतो, एवढाच त्याचा अधिकार. त्या हवेच्या तपमानाखाली उतरण्याची त्यास मुभा नाही. वीस-बावीस अंशांच्या थंड खोलीत घेतलेल्या चाचणीत ज्या प्रोसेसरचा पारा ७५ वर स्थिरावतो, तोच आमच्या ३८ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास जाणार, हा साधा त्रैराशिकाहूनही सोपा हिशेब आहे. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या, गेमसाठी नावाजलेल्या प्रोसेसरची मर्यादा ८९ अंशांची. ती गाठताच तो आपली गती आपणच उतरवितो, म्हणजे चढ्या दामाने घेतलेला वेग ऐन मे महिन्यात अर्जित रजेवर जातो.

भाच्याच्या पसंतीच्या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॉट, पण भर कामात तो २५३ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो, आणि ती जवळजवळ सारी उष्णता होऊन खोलीतच मुक्कामाला राहते. शिवाय त्या पिढीतल्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता उद्भवते हे इंटेलने २०२४ साली मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला व वॉरंटीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. एवढा इतिहास ठाऊक असताना तोच माल घेणे मला प्रशस्त वाटेना.

गरज तरी किती? गेमला थोडे पण चपळ कोअर आणि मोठी कॅशे लागते. ७८००एक्स३डीचे वैशिष्ट्य त्याच्या ९६ मेगाबाइट कॅशेत आहे, पण त्याची ८९ अंशांची अडचण वर सांगितलीच. मोठा प्रकल्प कंपाइल करताना अधिक कोअर उपयोगी पडतात हे खरे, परंतु शिकाऊ प्रोग्रॅमरचा बहुतेक वेळ कंपाइल करण्यात नव्हे, आपलीच चूक शोधण्यात जातो, आणि त्या कामी चोवीस कोअर काय करणार? आठ कोअरचा रायझन ७ ७७०० हा ६५ वॉटांच्या वर्गातला प्रोसेसर ८८ वॉटांच्या मर्यादेत चालतो. वाचलेल्या रकमेत ३२ गिगाबाइट रॅम येत होती. मी मंजुरी दिली ती यास.

येथून काही अंतरावरच्या, हवामान खात्याच्या मौसम भवनात १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेहून क्रे एक्स-एमपी हा महासंगणक आणून बसविला होता. ते यंत्र फ्रिऑन या शीतकाने थंड ठेवावे लागे, आणि असल्या यंत्रासाठी शीतकरणाची तजवीज आधी व गणित मागाहून, हाच शिरस्ता होता. आज घराघरांत हा क्रम उलटा झाला आहे.

लिक्विड कूलरही अखेर रद्दच केला. पंप हा फिरता भाग, आणि तो बंद पडला की साराच कारभार ठप्प. त्याऐवजी तांब्याच्या नळ्यांचा, दोन मनोऱ्यांचा हवेवरचा कूलर आला, ज्यात पंखा बिघडला तर दुसरा बसविता येतो. त्या बंद नळ्यांत किंचित पाणी असते. प्रोसेसरच्या टोकाशी त्याची वाफ होते, पात्यांपाशी ती निवून पुन्हा पाणी होते, आणि या फेऱ्यांत उष्णता वाहिली जाते. खिडकीतला आमचा कूलर बाष्पीभवनाच्या याच गुणावर चालतो. फरक इतकाच, की त्याची वाफ मोकळ्या हवेत जाते, म्हणून जुलैत हवा दमट झाली की तो निरुपयोगी ठरतो, तर नळीतले पाणी बाहेरच्या पावसाची पर्वा करीत नाही. भाच्याचे मेज मात्र त्या खिडकीपासून दूर सरकवावे लागले. ताट्यांवरून उडणाऱ्या तुषारांतले क्षार मदरबोर्डावर बसले असते.