दवाखान्याच्या दारातला गल्ला

जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, भेटायला पैसे घ्यावेत का, हा प्रश्न इंग्लंडमध्ये दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी उकरून काढतं. २०२२ च्या उन्हाळ्यात पंतप्रधानपदाच्या शर्यतीत असताना ऋषी सुनक यांनी अपॉइंटमेंट चुकवणाऱ्यांना १० पौंड दंड करण्याची कल्पना मांडली आणि पुढे गुंडाळून ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये माजी आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी त्याही पुढे जाऊन भेटीलाच शुल्क लावण्याचा विचार व्हावा असं म्हटलं. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या अनेकांना ही सूचना चटकन पटते. पुण्या-मुंबईत फॅमिली डॉक्टरला दाखवायचं, कम्पाउंडरकडून गोळ्या घ्यायच्या आणि फी ठेवून निघायचं, यात आपल्याला कधीच काही वावगं वाटलेलं नाही. शिवाय फुकट मिळालेल्या गोष्टीची कुणी कदर करत नाही, हे आपलं लाडकं मत आहेच. तरीही जीपीच्या दारात गल्ला ठेवू नये असं मला वाटतं. गरिबांची दया हे त्याचं मुख्य कारण नाही. कुठली भेट गरजेची आणि कुठली बिनकामाची हे ठरवण्याचं काम शुल्क अशा माणसावर टाकतं, ज्याला ते ठरवता येत नाही. छातीत जळजळतंय ते पित्त आहे की हृदय, हे कळत असतं तर डॉक्टरकडे जायची गरजच काय होती?

हा नुसता तर्क नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड या संस्थेने एक मोठा प्रयोग केला. हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटून दिलं. काहींना सगळे उपचार मोफत, तर काहींना उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवलेल्या मर्यादेपर्यंत ९५ टक्के खर्च खिशातून. दुसऱ्या गटाचा वैद्यकीय खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. शुल्काचे समर्थक इथेच थांबतात. पण टाळलेल्या उपचारांत काय काय होतं हे तपासल्यावर दिसलं की उपयोगी आणि निरुपयोगी उपचार जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटले होते. सर्वसाधारण धडधाकट माणसाच्या तब्येतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फटका बसला तो गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांना, विशेषतः रक्तदाबवाल्यांना. मोफत गटात त्यांचा रक्तदाब जास्त चांगला आटोक्यात राहिला.

रक्तदाबाचं नाव इथे यावं हे स्वाभाविक आहे, कारण तो दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजून कोण जाईल? वेल्समधल्या ग्लिनकोरुग या कोळसा-खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे जीपी होते. दुसऱ्याच कशासाठी आलेल्या माणसाचाही ते दंड पुढे घेऊन रक्तदाब मोजत, आणि जे येत नसत त्यांचा पाठपुरावा करत. असं करत त्यांनी जवळपास सगळ्या प्रौढ गावाचा रक्तदाब कागदावर आणला. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पासष्टीच्या आत होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच एका गावापेक्षा पाव हिश्श्याहून अधिक कमी निघालं. या पद्धतीचा सगळा डोलारा किरकोळ भेटीवर उभा होता. सर्दीसाठी, खांदा धरला म्हणून, आजारपणाचा दाखला हवा म्हणून झालेल्या भेटी हिशेबात ‘वाया’ दिसतात. ट्यूडर हार्ट यांना त्यांतूनच रुग्ण सापडले. आपल्यासाठी हे दूरचं उदाहरण नाही. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण इथल्या गोऱ्या लोकांच्या दुप्पट ते चौपट असतं, आणि तोही सुरुवातीची कित्येक वर्षं गुपचूप बसून असतो. आपला माणूस एरवीही ‘होईल आपोआप बरं’ म्हणत हळद-दुधावर महिना काढतो. त्याला आणखी एक सबब कशाला द्यायची?

यावर नेहमीचं उत्तर असं की गरीब, मुलं आणि म्हातारे यांना सूट द्या, बाकीच्यांकडून घ्या. हे ऐकायला समंजस वाटतं, पण याचा नमुना इंग्लंडमध्ये डोळ्यांसमोर आहे. प्रिस्क्रिप्शनचं शुल्क १९५२ मध्ये एका शिलिंगाने सुरू झालं, १९६५ मध्ये रद्द झालं, १९६८ मध्ये परत आलं, आणि २०२४ मध्ये ते दर औषधामागे ९ पौंड ९० पेन्स झालं. सवलतींची यादी मात्र इतकी लांबली की दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी सुमारे ९० टक्के आज फुकटच जातात. वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी २००७ ते २०११ च्या दरम्यान हा कारभार बंदच करून टाकला. जीपीच्या बाबतीत ढोबळ गणित मांडून पाहा. इंग्लंडमध्ये महिन्याला सुमारे ३ कोटी भेटी होतात. भेटीला १० पौंड घेतले आणि प्रिस्क्रिप्शनसारखीच ९० टक्के सूट धरली, तर वर्षाला ३६ कोटी पौंड जमतील. आरोग्यसेवेच्या दीडशे अब्ज पौंडांहून मोठ्या अंदाजपत्रकात ही चवलीही नाही. आणि त्यातून पैसे गोळा करणं, सूट तपासणं, थकबाकीची पत्रं पाठवणं हा खर्च वजा व्हायचा आहे.

जर्मनीने हे करून पाहिलं. २००४ पासून तिथे तिमाहीतल्या पहिल्या भेटीला १० युरो घेतले जात. एकदा पावती फाटली की त्या तिमाहीत पुन्हा शुल्क नाही, आणि त्या डॉक्टरने चिठ्ठी दिली तर दुसऱ्या डॉक्टरकडेही नाही; त्यामुळे लोक चिठ्ठ्या गोळा करू लागले. रिसेप्शनवरची माणसं सुट्ट्या पैशांत गुंतली. भेटी कायमच्या कमी झाल्या नाहीत, डॉक्टर वैतागले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जर्मन संसदेने हे शुल्क एकमताने रद्द केलं. सगळे पक्ष ज्यावर एकत्र आले अशी ही दुर्मीळच गोष्ट म्हणायची. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१४ च्या अंदाजपत्रकात ७ डॉलरचं शुल्क सुचवलं, पण वर्षभरातच त्याला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

चुकवलेल्या अपॉइंटमेंटचा मुद्दा वेगळा आणि जास्त टोचणारा आहे. वेळ घेऊन न येणाऱ्यांवर कुणाचाही राग येईल, मलाही येतो. पण स्कॉटलंडमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की वारंवार भेटी चुकवणाऱ्या दीर्घ आजाऱ्यांत, आणि त्यातही मानसिक आजार असलेल्यांत, मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणजे दंडाची पावती नेमकी त्यांच्या नावावर फाटणार, ज्यांना फोन करून ‘का आला नाहीत’ असं विचारायला हवं.

सगळ्यात कठीण आक्षेप अजून बाकी आहे. आजची भेट खरोखर फुकट आहे का? सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत अमुकावा नंबर ऐकायचा, आणि पंचवीस मिनिटांनी ‘आजच्या अपॉइंटमेंट संपल्या’ हे वाक्य. हेही शुल्कच आहे, फक्त ते वेळेत भरायचं. घरून काम करणारा आयटीवाला ते सहज भरतो. गोदामात तासावर राबणाऱ्याला आठ वाजता फोन हातात धरायचीही मुभा नसते. तेव्हा ‘मोफत आहे ना, मग झालं’ असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. पण या रांगेवर पैसे लावले तर एका अन्यायावर दुसरा चढतो. रांग कमी व्हायला डॉक्टर लागतात, आणि ते करातून येतात. आपल्यातले नोकरीच्या व्हिसावर आलेले बहुतेक प्रौढ तर कराशिवाय वर्षाला माणशी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरून बसलेले आहेत. त्यांना दारात पुन्हा १० पौंड मागणं म्हणजे तिकीट काढून गाडीत बसलेल्याकडे डब्याचं भाडं मागण्यासारखं आहे.

नॉर्वेचं उदाहरण माझ्या मताच्या विरोधात दिलं जातं आणि ते दिलंच पाहिजे. तिथे प्रौढांकडून जीपीच्या भेटीचे पैसे घेतात, वर्षाची कमाल मर्यादा ठरलेली आहे, आणि व्यवस्था उत्तम चालते. पण ती चालते कशावर? २०२१ मध्ये तिथल्याच नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, पहिल्याच वर्षात असलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीने इस्पितळात भरती होण्याचं २८ टक्क्यांनी कमी आढळलं. शुल्क दोघेही सारखंच भरत होते; फरक होता तो ओळखीच्या डॉक्टरचा. इंग्लंडमध्येही २०१५ पासून प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाच्या नावापुढे एक जबाबदार जीपी कागदोपत्री नेमलेला असतो. आपला कोण हे रिसेप्शनवर विचारलं तर सांगतात, आणि अपॉइंटमेंट त्यांच्याचकडे हवी असंही मागता येतं, आठवडाभर थांबावं लागलं तरी.