लाइव्ह सगळेच आहेत, रिप्लाय कोण देतंय?

इटलीतल्या असिसी गावात एका चर्चमध्ये काचेआड १५ वर्षांच्या एका मुलाचा देह ठेवलाय. अंगात जॅकेट, जीन्स, पायात स्नीकर्स. कार्लो अकुटिस त्याचं नाव. १९९१चा जन्म, २००६मध्ये ल्युकेमियाने गेला. मधल्या काळात हा मुलगा कोडिंग शिकला आणि चर्चसाठी वेबसाइट बनवत बसला. ७ सप्टेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. मिलेनिअल पिढीतला हा पहिला संत, त्यामुळे माध्यमांनी त्याला ‘देवाचा इन्फ्लुएन्सर’ करून टाकलं. खरं तर तो गेला तेव्हा इन्स्टाग्राम जन्मालाही आलं नव्हतं. शिवाय हा पठ्ठ्या व्हिडिओ गेम आठवड्याला फक्त एक तास खेळायचा म्हणे. आजच्या हिशेबाने इन्फ्लुएन्सर म्हणून त्याचं काही खरं नव्हतं!

त्याच्या आधी, जुलै २०२५च्या शेवटी, रोममध्ये डिजिटल मिशनरी आणि कॅथलिक इन्फ्लुएन्सर मंडळींचा खास मेळावा भरला होता. म्हणजे रीच, एंगेजमेंट, फॉलोअर हे जे आपण मास कॉमच्या वर्गात शिकतो, ते आता थेट व्हॅटिकनच्या अंगणात पोहोचलंय. नुसता कंटेंट तयार करणं हे तुमचं काम नाही, माणसं एकमेकांना भेटली पाहिजेत, अशा अर्थाचं पोप तिथे बोलले. ऐकायला छान आहे. पण ऑनलाइन भेट म्हणजे नक्की काय? जगभरातली चर्चेस सध्या याच प्रश्नाशी झटतायत, आणि उत्तरं फार वेगवेगळी निघतायत.

एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. धर्मसंस्था नव्या तंत्रज्ञानाला घाबरतात, असं आपल्याला वाटतं. चर्चच्या बाबतीत तरी इतिहास उलटा आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६मध्ये जेझुइट मिशनऱ्यांबरोबर गोव्यात आला. १६१६मध्ये राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपी मात्र रोमन. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केलं १८४२ साली, नगरमध्ये. व्हॅटिकन रेडिओ १९३१मध्ये उभा केला तो खुद्द मार्कोनीने. तेव्हा कॅमेरा आणि ट्रायपॉड ही काही क्रांती नाही. स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, पण त्याने छापखान्यात इथल्या लोकांच्या कानात बसलेली ओवी घातली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज चर्चच्या नावाने फिरणाऱ्या मराठी रील्स बघा. कितीतरी ठिकाणी इंग्रजी प्रवचनाचं शब्दाला शब्द भाषांतर आणि मागे स्टॉकमधलं पियानो संगीत. वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी माणसं आहेत, मुंबईत ईस्ट इंडियन आहेत. त्यांच्या घरातल्या बोलीत कोणी बोललं की अंगठा आपोआप थांबतो.

आता २०२०. मार्चच्या २७ तारखेला, पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे असलेले पोप फ्रान्सिस जगाने स्क्रीनवर पाहिले. पंधरा दिवसांनी ईस्टर आला, तेव्हा इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू जस्टिन वेल्बी यांनी ईस्टरची उपासना चक्क आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातून रेकॉर्ड केली. आपल्याकडेही वसईपासून गोव्यापर्यंत फादर आणि पाळक मोबाईलसमोर उभे राहिले. सक्तीचा प्रयोग होता तो, पण त्यातून एक सवय पडली. लॉकडाऊन संपलं, ट्रायपॉड मात्र तिथेच राहिला.

इथून पुढे खरी अडचण सुरू होते. आपल्याला सिद्धिविनायकाचं किंवा पंढरपूरच्या विठोबाचं लाइव्ह दर्शन नवं नाही. दर्शन म्हणजे पाहणं. ते स्क्रीनवरून होऊ शकतं, निदान काही प्रमाणात तरी. पण कॅथलिकांची मिस्सा बघायची नसते, तिच्यात भाग घ्यायचा असतो. ख्रिस्तप्रसाद प्रत्यक्ष घ्यावा लागतो. कन्फेशनला फादरसमोर यावं लागतं. व्हॅटिकनने २००२मध्येच, म्हणजे यूट्यूब यायच्या तीन वर्षं आधी, इंटरनेटवरचं एक टिपण काढून सांगून टाकलं होतं की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. त्यामुळे कॅथलिक चर्चसाठी स्क्रीन हा फार तर उंबरठा आहे, घर नाही. अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल चर्चेसना ही अडचण वाटत नाही. ओक्लाहोमाच्या लाइफ चर्चने तर २००६पासून ऑनलाइन शाखाच चालवली आहे. त्यांचंच यूव्हर्जन हे बायबल अ‍ॅप २००८मध्ये आलं आणि २०२१पर्यंत ५० कोटी वेळा इन्स्टॉल झालं. मराठी बायबलही त्यात आहे. रोज उघडलं की स्ट्रीक वाढते, अगदी स्नॅपचॅटसारखी. ही कल्पना भन्नाट आहे की भयंकर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. स्ट्रीक तुटू नये म्हणून वाचलेलं वचन आणि वाचावंसं वाटलं म्हणून वाचलेलं वचन यांत अ‍ॅपला फरक करता येत नाही, एवढं नक्की.

आमच्या अभ्यासक्रमात जेम्स केरी नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत. परीक्षेपुरते वाचतो आपण त्यांना. संवादाकडे बघायच्या दोन पद्धती आहेत, असं ते मांडतात. एक, निरोप इथून तिथे पोहोचवणं. दुसरी, लोकांनी एकत्र येऊन काहीतरी वाटून घेणं, एखाद्या विधीसारखं. बहुतेक चर्चेस ऑनलाइन आल्यावर नकळत पहिल्या पद्धतीत शिरतात. कॅमेरा मागच्या भिंतीला, आवाज घुमणारा, फादर दूर कुठेतरी ठिपक्याएवढे, आणि कमेंट्समध्ये ‘आमेन’च्या रांगा, ज्यांना कोणीच उत्तर देत नाही. जमावाचे प्रेक्षक होतात.

याउलट ब्राझीलमध्ये बघा. फ्राय जिल्सन नावाचे एक धर्मगुरू २०२५च्या उपवासकाळात पहाटे चार वाजता लाइव्ह येऊन जपमाळ म्हणायचे. पहाटे चार! एकाच वेळी दहा लाखांहून जास्त लोक जोडलेले असायचे. यात एडिटिंग नाही, हुक नाही, तीस सेकंदांचा नियम नाही. आपण मीडियाचे विद्यार्थी ज्या गोष्टी टाळायला शिकतो त्या सगळ्या आहेत: लांबी, पुनरावृत्ती, गैरसोयीची वेळ. मला वाटतं, ती गैरसोयच कामाला आली. आपल्यासारखीच लाखो माणसं आत्ता अंधारात उठून बसलीयत, ही जाणीव नंतर कधीतरी बघायच्या व्हिडिओत नसते. काकड आरतीला जाणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण तर स्क्रीनचंही नाही. एप्रिल २०२०मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने ‘डेली होप’ नावाची मोफत फोन लाइन सुरू केली. नंबर फिरवा, प्रार्थना आणि भजनं ऐका. बस, इतकंच. पहिल्या ४८ तासांत सहा हजारांवर फोन आले. म्हातारी माणसं होती ती, ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं आणि त्या दिवसांत दारात कोणी येत नव्हतं. सगळ्यांचा मोर्चा झूमकडे वळलेला असताना चर्चमधल्या कोणीतरी विचारलं असणार, आपल्या बाकांवर बसतं कोण? त्यांच्या हातात काय आहे? लँडलाइन. मग लँडलाइन. आपल्याकडे हाच प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज असं येईल, कारण आजीला टाइप करता येत नाही, बोलता येतं.

परदेशात गेलेल्यांचं प्रकरण वेगळं. वसई, मुंबई, गोव्यातली कितीतरी पोरं आखातात, कॅनडात, जहाजांवर आहेत. रविवारची मिस्सा ती तिथल्या चर्चमध्ये करतात, गावाकडचं स्ट्रीमिंग त्यासाठी लागत नाही. ते लागतं अंत्यविधीला. रजा मिळत नाही, तिकीट परवडत नाही, आणि आजोबांना मातीत ठेवताना नातू बोटीवरच्या केबिनमध्ये मोबाईल धरून बसलेला असतो. तिथे व्ह्यूज ३७ असोत की ७०, कोणी मोजत नाही. चर्चने आजवर ऑनलाइन जे जे केलं त्यात मला हे सगळ्यात खरं वाटतं, आणि ते कोणत्याही ‘आउटरीच स्ट्रॅटेजी’त लिहिलेलं नसतं.

मग येतं एआय. जून २०२३मध्ये जर्मनीतल्या फ्युर्त गावात एका चर्चमध्ये चॅटजीपीटीने लिहिलेली अख्खी उपासना पार पडली. पडद्यावरचा अवतार प्रवचन देत होता, तीनशेहून जास्त लोक बाकांवर होते. काहींनी मोबाईलवर शूट केलं. काहींनी मात्र प्रभूची प्रार्थना सुरू झाल्यावर तोंड मिटून घेतलं, यंत्राच्या मागोमाग म्हणायला नकार दिला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॅथलिक आन्सर्स या संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा चॅटबॉट आणला. हा बाबा आपण खरेच धर्मगुरू आहोत असं सांगू लागला, आणि बाप्तिस्म्यासाठी पाण्याऐवजी गेटोरेड चालेल असंही. काही दिवसांतच त्याचा झगा उतरवून त्याला साधा ‘जस्टिन’ करण्यात आलं. हसू येतंच. पण रात्री दोन वाजता एकटं वाटणारं कोणीतरी अशा बॉटला काय काय विचारत असेल, हा विचार केला की हसू थांबतं. पोप लिओ निवडून आले त्याच महिन्यात त्यांच्या तोंडी न बोललेलं भाषण घालणारे खोटे व्हिडिओ फिरू लागले होते, आणि व्हॅटिकनला खुलासा द्यावा लागला होता. आवाज आणि चेहरा दोन्ही नकली बनतात, तिथे ‘फादरांचा मेसेज आलाय’ यावर विश्वास ठेवायचा कसा? पाळकाच्या नावाने मेसेज करून गिफ्ट कार्ड मागणाऱ्या भामट्यांबद्दल अमेरिकन सरकारच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१९मध्येच इशारा दिला होता.

चर्चेसनी सगळ्यात जास्त डोकं कुठे लावायला हवं, तर ते कॅमेऱ्याच्या अँगलवर नाही. ते ‘प्रार्थनेची विनंती पाठवा’ या फॉर्मवर. त्या फॉर्ममध्ये लोक काय लिहितात याची कल्पना करा. आईचा कॅन्सर, नवऱ्याची दारू, नापास झालो, जगावंसं वाटत नाही. नाव आणि नंबरासकट. २०२२मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी प्रार्थनेच्या अ‍ॅप्सच्या प्रायव्हसी पॉलिसी वाचल्या, तेव्हा काही अ‍ॅप्सनी वापरणाऱ्यांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना द्यायची मुभा स्वतःकडे ठेवल्याचं दिसलं. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगतो. पण धर्म किंवा आजार यांसारख्या माहितीसाठी त्यात वेगळा ‘संवेदनशील’ वर्ग नाही. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. गूगल फॉर्मची शीट मात्र पाच स्वयंसेवकांकडे उघडी असू शकते.

भारतात अजून एक ताण आहे, तो टाळून चालणार नाही. घटनेचं कलम २५ धर्माचं आचरण आणि प्रसार यांचा हक्क देतं. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अनेक राज्यांत धर्मांतराविरोधी कायदे आहेत. अशा हवेत स्वतःच्या लोकांसाठी टाकलेली रील अल्गोरिदम कोणाच्याही फोनवर नेऊन टाकतो, आणि त्यातले वीस सेकंद कापून कोणीही भलताच अर्थ लावू शकतो. मग चर्चेस घाबरून बंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरतात, आणि शेजाऱ्याला आत काय चाललंय ते कळेनासं होतं. त्यातून संशय आणखी वाढतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते. हिंदू, मुस्लिम सगळे येतात, मेणबत्ती लावतात, घरी जातात. दार उघडं आहे, हे तिथे दिसतं. ऑनलाइन असं उघडं दार दाखवायचं तर पेजवर काय चाललंय, कोण चालवतंय, पैसे कुठे जातात हे सरळ लिहिलेलं असलं पाहिजे. धार्मिक पेजवर पाहिजे तेव्हा नेमकं हेच सापडत नाही.

आणि हे पेज चालवतं कोण? आपल्याच वयाचं कोणीतरी. ‘तुला मोबाईलमधलं कळतं’ म्हणून युवा ग्रुपमधल्या टीवायच्या मुलीच्या गळ्यात सगळं पडतं. लाइव्ह तीच लावते, पोस्टर तीच बनवते, रात्री अकराला आलेला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ हा मेसेजही तीच वाचते, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. एखाद्या कार्यशाळेत तिला थंबनेल कसं करायचं ते सांगतील. त्याऐवजी असा मेसेज आला तर कोणाला फोन करायचा, एवढा एक नंबर दिला तरी पुष्कळ. पुढे ती मास्टर्ससाठी बाहेर जाते, आणि मग सहा महिन्यांनी लक्षात येतं की पेजचा पासवर्ड तिच्या जुन्या सिमवर येणाऱ्या ओटीपीला जोडलेला होता.