नवस फेडायची घाई

रक्ताच्या कर्करोगातून पोर उठून खेळायला लागलं की घरात हमखास वाद होतो. आजी म्हणते, ‘डॉक्टर निमित्तमात्र, तारलं ते खंडोबानं.’ शहरात शिकलेला मामा म्हणतो, ‘औषधानं बरा झाला, बाकी सगळा खुळेपणा.’ मामाचं पहिलं अर्धं वाक्य बिनतोड आहे. पण दुसरं अर्धं मला मान्य नाही, आणि आजीचं तर एकही नाही.

आधी आजी. खंडोबा १९४८ च्या आधीही जेजुरीला होता आणि आया तेव्हाही कळवळून नवस बोलत होत्या. तरी तीव्र ल्युकेमिया झालेली मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. त्या वर्षी बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलेल्या सोळांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. सुधारणा तात्पुरती होती, पण वाट उघडली. ते औषध लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालं आणि तिथलं संशोधन ज्यांच्या हाताखाली चालत होतं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले. आज मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात प्रगत देशांतली दहांपैकी जवळजवळ नऊ मुलं वाचतात. देव तोच, भक्ती तीच, मधे आलं ते औषध. याला निमित्तमात्र म्हणायचं तर कर्ता कोणाला म्हणायचं?

शिवाय वॉर्डात शेजारच्या खाटेवरही एक मूल असतं. त्याच्या आईनंही उपास धरलेले असतात. ते मूल गेलं, तर आजीच्या हिशेबात त्याचं उत्तर काय? ‘काहीतरी राहिलं असेल देवाचं,’ असं बोलणारी माणसं मुलाच्या दहाव्यालाही भेटतात. ‘आमच्या श्रद्धेनं वाचला’ या वाक्याची दुसरी बाजू तीच आहे, आणि ती इतकी क्रूर आहे की तेवढ्यासाठी तरी पहिली बाजू तोंडातून काढू नये.

प्रार्थनेची ताकद विज्ञानानंही मानली, असं सांगणारे निरोप मोबाइलवर फिरतात. २००६ साली अमेरिकेत हृदयाच्या बायपासचे सुमारे १८०० रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा काही फायदा दिसला नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात उलट गुंतागुंत थोडी जास्तच आढळली. तेव्हा तो टेकू काढून ठेवावा.

आता मामा. भाचा परळच्या टाटा हॉस्पिटलात असताना तो सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन येतो. उपचार मात्र दोन ते तीन वर्षं चालतात. केमो, पाठीतलं इंजेक्शन, रक्तपेशींचे ‘काउंट किती आले’ हा रोजचा जप. बापाची मजुरी बुडते, धाकटी पोर आजोळी राहते. अशा घरची फाईल कधी उघडून पाहावी. रिपोर्टांमागच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात हळदीनं पिवळ्या झालेल्या फडक्यात सव्वा रुपया बांधलेला असतो. तो देवाला दिलेली लाच आहे असं मामाला वाटतं. मला त्यात आईनं स्वतःलाच दिलेला शब्द दिसतो: एक दिवस असा येईल की या पोराला घेऊन मी गड चढेन. हे धरल्याशिवाय उलट्या काढत बसलेल्या मुलाला पुढच्या केमोला नेण्याचं बळ कुठून आणायचं? पेशींविषयी त्या सव्वा रुपयाचा काहीच दावा नाही.

गाडगेबाबांनी नवसाच्या बकऱ्यांवर कीर्तनातून कोरडे ओढले आणि त्याच माणसानं धर्मशाळाही बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आज कर्करुग्णांच्या कुटुंबांना आसरा देते. मामानं कोरडा तेवढा उचलला. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही पूजा, यात्रा यांना हात लावलेला नाही. साप चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र घालणं हा मात्र गुन्हा ठरवला. रेघ तिथे आहे.

खरा घात होतो तो वेगळ्याच वेळी, आणि त्याबद्दल आजी-मामा दोघंही गप्प असतात. पहिला महिना-दीड महिना सरतो, तपासणीत रोगट पेशी दिसेनाशा होतात. पुढे स्टिरॉइडनं सुजलेला चेहरा उतरतो, डोक्यावर लव येते, पोर चेंडू मागतं. ‘पावला रे देव!’ बकरं ठरतं, गाडी ठरते आणि त्या धांदलीत मुंबईची पुढची तारीख चुकते. मग दुसरीही. सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्या कोट्यवधी पेशी तेव्हाही अंगात दडलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठीच तर मेंटेनन्स: रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, तेही दीड-दोन वर्षं. ठणठणीत दिसणाऱ्या पोराला दर रात्री विषारी गोळी द्यायची, तर श्रद्धेचा खरा कस इथे लागतो. आजारात नवस बोलणं त्या मानानं सोपं.

म्हणून नवस बोलतानाच मुदत घालावी: शेवटची गोळी झाली की येऊ. मल्हारी उधारीवर व्याज लावत नाही. आणि डॉक्टरांनीही ‘हे असलं काही करू नका’ म्हणून आईला गप्प बसवण्यापेक्षा सरळ विचारावं, कोणता देव, काय कबूल केलंय, आणि फेडायची तारीख आपल्या हातानं फाईलवर लिहून द्यावी. तोवर भंडारा देव्हाऱ्यात राहू द्यावा. काउंट पडलेले असताना तो पोराच्या नाकातोंडाजवळ नको, यात्रेची गर्दी नको, आणि ताप आला तर अंगारा लावत न बसता तडक हॉस्पिटल गाठावं.