पाटीच्या दगडातली द्राक्षं

"वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य २०२२च्या जानेवारीत आपल्याकडे फार ऐकू आलं. मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं आणि एकच गदारोळ झाला. एक बाजू म्हणे, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणे, संस्कृती बुडाली. स्पेनमधल्या प्रिओरात भागात तीन दिवस राहून आल्यावर माझं मत असं झालंय, की दोन्ही बाजूंनी मुद्द्याचं बोलायचं टाळलं.

प्रिओरात म्हणजे कॅटलोनियात, तारागोनाच्या मागच्या डोंगरांत वसलेली काही छोटी गावं. भूमध्य समुद्र तिथून लांब नाही, पण हिरवळ शोधावी लागते. जमीन म्हणावी अशी जमीनच नाही. सगळीकडे काळसर-तपकिरी दगडाच्या चिपा. तिकडे त्याला यिकोरेया म्हणतात. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, त्याच जातीचा हा दगड. हातात घेतला की पापुद्रे सुटतात. पाणी वर ठरत नाही, म्हणून वेलीची मुळं फटीफटींतून कित्येक मीटर खाली जातात. जुन्या वेलीला कधी कधी किलोभरही द्राक्षं लागत नाहीत. उतार असे, की काही ठिकाणी ट्रॅक्टर जात नाही. अजूनही खेचर लावून नांगरतात.

बाराव्या शतकात इथे कार्थुसियन साधूंनी एस्कालादेईचा मठ उभारला. मठाचा प्रमुख तो 'प्रायर', त्यावरूनच प्रदेशाचं नाव प्रिओरात. वेल लावायची विद्या इथे रुजवली ती या साधूंनी. १८३५ साली सरकारनं मठांच्या मिळकती ताब्यात घेतल्या, साधू गेले. मग त्याच शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा आला. मुळं शोषणारा हा बारीक किडा. त्यानं युरोपभरच्या बागा बसवल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करायचा. (आपल्या नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिज खुंट वापरतात ना, तोही मूळचा अमेरिकनच. आपल्याकडे कारण वेगळं, पाण्याची टंचाई आणि क्षार.) पण प्रिओरातमध्ये पुन्हा लागवड करायला माणसं उरली नव्हती. तरुण शहरांकडे गेले, बांध ढासळले.

हा भाग पुन्हा उभा राहिला तो १९८०च्या दशकात. रेने बार्बिएर या माणसानं इथे जुन्या बागा घेतल्या आणि चार जण त्याला येऊन मिळाले. त्यांतले जोसेप लुईस पेरेस फालसेतच्या शाळेत शिकवायला आलेले. माझी बिरादरी निघाल्यामुळे मला त्यांचं जरा जास्तच कौतुक! १९८९ साली या पाच जणांनी मिळून ग्रातायोप्स गावी एकच वाईन केली आणि ती आपापल्या पाच नावांनी बाटलीत भरली. पुढे जगानं दखल घेतली. आज स्पेनमध्ये सर्वोच्च दर्जाचे दोनच प्रदेश आहेत. एक रिओहा, दुसरा हा प्रिओरात.

आमच्या घराण्यात कोणी घेत नाही, त्यामुळे या प्रवासाबद्दल ऐकून काही नातलगांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्यासाठी सांगते. चव बघताना घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकायचा असतो. थेट आजोबांच्या पिकदाणीची आठवण झाली. गार्नाचा द्राक्षाची वाईन गोडसर वासाची, पिकल्या फळासारखी भरलेली. कारिन्येनाची आंबट आणि जांभळासारखी तुरट, जीभ आकसते. आणि दोन्हींमागे उन्हात वाळलेल्या ओव्यासारखा कसला तरी वास. बाटलीवर अल्कोहोल साडेचौदा टक्के, म्हणजे साध्या बिअरच्या जवळजवळ तिप्पट.

म्हणून पहिली गोष्ट : वाईन ही दारूच आहे. "हृदयाला चांगली असते हो" हे पालुपद आता सोडावं. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. बाटलीला औषधाचं सोंग देऊन ती विकणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. त्याचं भलं दुकान वाढल्यानं आपोआप होत नाही. आपल्याकडची बहुतेक द्राक्षं खायची, थॉमसनसारखी. वाईनची जातच वेगळी, तिच्या बागा थोड्या. अवकाळीत थॉमसनची बाग गेली, तर त्या शेतकऱ्याला दुकानातल्या वाईनच्या बाटलीचा काय उपयोग?

प्रिओरातनं काय केलं ते बघा. किलोभर देणाऱ्या म्हाताऱ्या वेलीलाच त्यांनी मोल आणलं. २००९पासून तिथे 'गावाची वाईन' अशी नोंद आहे. द्राक्षं त्याच गावच्या शिवारातली असली, तरच गावाचं नाव बाटलीवर येतं. ग्रातायोप्सचा माल पोरेराच्या नावानं खपवता येत नाही. सगळं आलबेल आहे असं नाही. बाटल्या महाग आहेत, आणि दुष्काळानं अलीकडे तिथल्या वेलींनाही टेकीला आणलंय. पण जमिनीची ओळख बाटलीपर्यंत पोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला.

शेतकऱ्याच्या नावावर वाईन विकायचीच असेल, तर आधी त्याच्या गावाचं नाव बाटलीवर ठळक छापा. आणि आत आहे ती दारू, हेही आडपडदा न ठेवता सांगा.